कारणाचा रकाना

कोर्टातला जुना कागद काढायला वकील लागतो, ओळख लागते, आणि तरीही शेवटी हात हलवत परत यावं लागतं, असं मला आजवर पुष्कळ लोकांनी सांगितलं आहे. आता मी त्यांना तोंडावरच विचारते, की तुम्ही कधी अर्ज केला होता का? कुणीच केलेला नसतो. मी केला आहे. वकील न लावता, ओळख न काढता, चार किरकोळ रजा खर्ची घालून. त्यामुळे या विषयावर मी बोलत असताना समोरच्यानं मधे बोलू नये अशी माझी अपेक्षा असते, आणि बोलला तर मी त्याला गप्प करते.

प्रकरण सुरू झालं ते झेंड्यापासून. माझी नोकरी वाटूरच्या पलीकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत, भाड्याचं घर जुन्या जालन्यात, आणि वडील जाफराबाद तालुक्यातल्या आमच्या गावी. आमच्या बौद्ध वस्तीत दोन खोल्या आहेत, तिथं ते एकटे राहतात. आई जाऊन सहा वर्षं झाली. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. जालन्याला या म्हटलं की म्हणतात, तुमच्या गल्लीत माणसाला चालायला जागा न्हाई, सगळी मोटरसायकलला दिली.

गावच्या शाळेनं यंदा ठरवलं की सव्वीस जानेवारीचा झेंडा गावातल्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या हातून फडकवायचा. शोधायला गेले तर सगळ्यात वयस्कर निघाले आबा. हेडमास्तर स्वतः घरी येऊन सांगून गेले. आबांनी लगेच मला फोन केला.

"माय, एक पांढरा शर्ट आण. कॉलर बराबर पाह्यजे. मागच्या वेळेसारखी लोळणारी नको."

मला ते माय म्हणतात. मी शर्ट घेतला, इस्त्रीला टाकला, आणि तो इस्त्रीहून परत यायच्या आत दुसरा फोन आला. शाळेच्या समितीत एकानं हरकत घेतली होती. आबांवर चोरीची केस झालेली आहे, अशा माणसाच्या हाती झेंडा कसा द्यायचा?

तो एक म्हणजे कोण, हे मला न सांगताच कळलं. माझ्याच वर्गात होता. चौथीपर्यंत माझ्या पाटीवरून बेरजा उतरवून पास झाला, आणि आता शाळेच्या समितीत बसून हरकती घेतो. केस झाली तेव्हा आम्ही दोघंही तिसरीत होतो. त्या केसबद्दल त्याला जेवढं ठाऊक होतं तेवढंच मलाही ठाऊक होतं. पण हे तेव्हा मी मेले तरी कबूल केलं नसतं.

केस अशी होती. गावच्या सोसायटीच्या गोदामातून खताची पोती गेली. आबा तिथं हमाली करायचे. पोलिसांनी आबांना आणि आमच्याच वस्तीतल्या आणखी दोघांना उचललं. गोदामाची किल्ली ज्याच्या कमरेला होती तो साक्षीदार झाला, आणि ज्यांनी किल्लीला कधी हात लावला नव्हता ते आरोपी झाले. हे मी आज मोठ्या ठसक्यात लिहिते आहे, पण ते मला लहानपणी ठाऊक नव्हतं. ते निकालपत्रात वाचून कळलं.

आबा पंधरा दिवस आत होते. मग जामिनावर आले आणि पुढं सहा वर्षं तारखा चालल्या. तारखेच्या दिवशी आई पहाटेच भाकरी फडक्यात बांधायची, आबा पायताण पुसून निघायचे आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन यायचे. शाळेत पोरं मला 'पोतं' म्हणायची. मी मारामारी करायचे, दोघांना चावलेसुद्धा आहे. मी नववीत असताना एका संध्याकाळी आबा एसटीतून उतरले आणि वस्तीच्या तोंडाशीच ओरडले, "सुटलो!" दुसऱ्या दिवशी त्यांनी दारात कडुलिंबाचं रोप लावलं. आज त्याच्या सावलीत आमचं अख्खं अंगण बसतं. गावानं मात्र म्हटलं, वकील तगडा होता म्हणून सुटला.

सुटले त्याच दिवशी आबांनी कोर्टातून एक कागद आणला होता. तो पत्र्याच्या पेटीत गेला. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर आणखी एक पिशवी. दरवर्षी पावसाळा सरला की पेटी अंगणात उन्हात यायची, कागदही यायचा, आणि तो वाऱ्यानं उडू नये म्हणून आबा शेजारी बसून राहायचे. त्यांना सही करता येते, वाचता येत नाही. मी डी.एड. झाले तेव्हा म्हटलं, द्या, वाचून दाखवते. आबा म्हणाले, "हा वाचायचा कागद न्हाई, माय. ठेवायचा कागद हाये."

मी हट्ट धरला नाही. एरवी मी कशाकशावर हट्ट धरते ते माझ्या नवऱ्याला विचारा, पण तो कागद वाचायचा हट्ट मी कधी धरला नाही.

तर रविवारी समितीची बैठक होती. आबा नवा शर्ट घालून, पेटीतला कागद घेऊन स्वतःच निघाले. मी मागून. शाळेत चौथीच्या वर्गात सगळे बसले होते. आबांनी एक पिशवी काढली, दुसरी काढली, कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "घ्या. निकाल."

माझ्या वर्गमित्रानं कागद उघडला. वाचला. परत वाचला. तो हसला नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला, कारण हसला असता तर मी तिथल्या तिथं त्याचा समाचार घेतला असता.

"आबा, हा जामिनाचा कागद हाये. तुम्ही सुटल्याचं यात काहीच न्हाई."

मी कागद ओढून घेतला. जामीनपत्रच होतं. वर गोल शिक्का, कोपऱ्यात साहेबांची सही, खाली आबांची ती तिरकी, चढावर चालल्यासारखी सही. इतकी वर्षं आम्ही ऊन दाखवत होतो ते या जामिनाला.

कसं झालं ते नंतर उलगडलं. निकालाच्या दिवशी आबांनी वकिलाच्या कारकुनाकडं कागद मागितला. तो म्हणाला, निकालाची नक्कल अर्ज करून मिळते, चार दिवसांनी या. शेवटची एसटी सुटायला आली होती. आबा हटेनात, तेव्हा त्यानं आपल्या फायलीतली ही प्रत त्यांच्या हातावर ठेवली. आबांनी शिक्का पाहिला आणि निघाले. आमच्या वस्तीत कागदाची परीक्षा अशीच होते. गोल शिक्का असला की कागद खरा, आणि खरा कागद आपल्याच बाजूचा असणार. घरोघरच्या पेट्यांत असे कितीतरी कागद जपून ठेवलेले आहेत, आणि त्यांत काय लिहिलं आहे ते कुणालाच ठाऊक नाही.

"निकालाची नक्कल आणा," वर्गमित्र म्हणाला. "पंचवीस तारखेला परत बसू. तवर आणली तर आमची हरकत न्हाई."

"आणते," मी म्हटलं. "बिलकुल आणते."

आबांनी तो कागद परत घडीवर घडी घालून एका पिशवीत घातला, ती दुसऱ्या पिशवीत घातली आणि नव्या शर्टाच्या खिशात ठेवली. ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आता कशाला जपताय तो, असं ओरडावंसं वाटलं.

खरी गोष्ट आता सांगून टाकते. तिसरीत असताना, आबांनी खरंच पोती उचलली असतील का, हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला आणि तो बाहेर पडलाच नव्हता. बाहेर पोरांशी भांडायचे, आणि घरी आल्यावर आबा जेवत असले की त्यांच्या हातांकडं बघायचे. केवढे मोठे हात होते. दोन पोती सहज उचलतील असे. मोठी झाले, शिक्षिका झाले, दुसऱ्यांच्या पोरांना खरं बोला म्हणून शिकवू लागले, तरी आबांच्या हातांकडं बघायची ती खोड गेली नाही. निकाल वाचायची मला भीती होती. त्यात 'संशयाचा फायदा देऊन' असं लिहिलेलं असलं तर? मग तो संशय मी कुठं नेऊन ठेवू? म्हणून हट्ट धरला नव्हता. झेंडा हे निमित्त होतं. तो कागद मलाच हवा होता.

आधी मोबाईलवर पाहिलं. कोर्टाची साइट आहे, घरबसल्या बघता येते. जिल्हा निवडा, कोर्ट निवडा, पक्षकाराचं नाव घाला, साल घाला, केस चालू आहे की निकाली ते सांगा. सगळं घातलं. काही निघालं नाही. दहा वेळा घातलं. मग पहिली रजा टाकून तालुक्याच्या कोर्टात गेले, जिथं ती केस चालली होती. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, की संगणक आल्यानंतरच्याच केसेस साइटवर दिसतात. त्याआधीचं जुनं रेकॉर्ड जालन्याला जिल्हा कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये गेलेलं आहे. म्हणजे जो कागद मी जाफराबादपर्यंत जाऊन शोधत होते तो माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर होता. येताना एसटीत माझं मलाच हसू आलं.

दुसऱ्या रजेला जालन्याच्या नक्कल विभागात गेले. खिडकीत एक कारकून होते, निवृत्तीला आलेले, स्वेटर आणि त्यावर मफलर.

"केस नंबर?"

"नाही."

"साल?"

साल मला पक्कं ठाऊक होतं. मी नववीत होते आणि दारात लिंब लागला होता. मी साल सांगितलं. त्यांनी शोधाचा अर्ज करायला सांगितला. त्यात कोर्ट, साल, पक्षकारांची नावं लिहायची, कोर्ट फीचं तिकीट लावायचं आणि चार दिवसांनी यायचं. बाहेर टाइपरायटर घेऊन बसलेल्या माणसानं मला दोनदा हाक मारली, बाई, वकील करून देऊ का? मी म्हटलं, मला लिहिता येतं.

तिसऱ्या रजेला आबांना सोबत नेलं, कारण नकलेच्या अर्जावर सही त्यांची लागणार होती. कारकुनांनी मान हलवली.

"त्या सालाची नोंदवही पूर्ण पाह्यली, मॅडम. तुमचं नाव न्हाई. पुढचं सालपण पाह्यलं. न्हाई."

पंचवीस तारीख सहा दिवसांवर आली होती. त्याहून वाईट म्हणजे, डोक्यातला तो जुना प्रश्न लगेच उठून बसला. निकालच नसेल तर? आबा सुटले हे तरी आम्हाला कुणी सांगितलं होतं? आबांनीच.

"जुना एखादा कागद न्हाई का काही?" कारकुनांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "एक आहे, पण तो जामिनाचा आहे. काही कामाचा नाही."

आबांनी मला कोपरानं बाजूला केलं. खिशातून पिशवी काढली, तिच्यातली पिशवी काढली, आणि कागद खिडकीतून आत सरकवला. कारकुनांनी चष्मा वर केला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी तिसरीच्या पोरांकडं पाहते.

"मॅडम, यावर पोलिस स्टेशनचा गुन्हा नंबर हाये. सालपण हाये. तुम्ही मला सुटल्याचं साल सांगून राह्यल्या. कोर्टात केसचा नंबर पडतो तो केस दाखल झाल्याच्या सालानं. सहा वर्षांचा फरक हाये की!"

बरोबर होतं. आमच्या घरात ती केस सुटकेच्या सालानंच ओळखली जायची. लिंब लावला ते साल. धरून नेलं ते साल कुणाच्या तोंडी यायचंच नाही. कोर्टाला मात्र तेच साल हवं होतं, आणि ते सांगणारा कागद आबांनी दोन पिशव्यांत घालून जपला होता. मी तो जवळजवळ फेकायला निघाले होते.

"ठेवायचा कागद," आबा माझ्याकडं न बघता म्हणाले.

कारकून आत गेले आणि अर्ध्या तासानं एक जाडजूड नोंदवही घेऊन आले. कापडी पुठ्ठा, पानं पिवळी पडलेली. बोट खाली खाली आलं आणि थांबलं. आरोपी तीन. त्यात आबांचं नाव. पुढच्या रकान्यात केसचा नंबर, आणि पार शेवटच्या रकान्यात निकालाची तारीख आणि दोन शब्द, 'निर्दोष सुटका'. मी ते दोन शब्द खिडकीच्या गजांतून उलटे वाचले. कारकुनांनी समजावलं, की इतक्या जुन्या केसचे बाकीचे कागद मुदतीनं नष्ट करतात, निकालपत्र तेवढं राखून ठेवतात. आता नंबर मिळाला म्हणजे शोधायला अडचण नाही. नकलेचा अर्ज भरा.

अर्जात केस नंबर, साल, कोर्ट, निकालाची तारीख, कोणता कागद हवा, अर्जदार पक्षकार आहे की तिऱ्हाईत, असे एकेक रकाने होते. शेवटचा रकाना होता, नक्कल कशासाठी हवी याचं कारण.

"तिथं 'खाजगी कामासाठी' लिहा," कारकून म्हणाले. "सगळे तेच लिहितेत."

सगळे लिहितात ते मला कधी जमलेलं नाही. मी लिहिलं, 'झेंडावंदनासाठी'. त्यांनी वाचलं, मान वर करून आबांच्या पांढऱ्या शर्टाकडं पाहिलं, आणि तिकिटावर शिक्का मारला.

मला उगाच खुमखुमी आली. मी विचारलं, "आणि एखाद्या परक्याला हा निकाल बघायचा असला तर?"

"त्यालापण मिळतो. शपथपत्र करावं लागतं, कारण बराबर लिहावं लागतं, साहेबांची परवानगी घ्यावी लागते. पण मिळतो. निकाल म्हंजे काही लपवायची चीज न्हाई, मॅडम."

चौथी रजा तेवीस तारखेला. आबा आदल्या दिवशीच मुक्कामाला आले होते. नक्कल हातात पडली, मराठीत टाईप केलेली पाच पानं, प्रत्येक पानावर शिक्का. आम्ही कोर्टाच्या आवारातल्या बाकावर बसलो. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "वाच."

मी वाचू लागले. पहिली दोन पानं कोण काय म्हणालं यातच गेली. माझा आवाज शाळेत धडा वाचताना असतो तसा ठेवायचा मी प्रयत्न करत होते, आणि तो राहत नव्हता.

"कुलूप पितळी होतं. ते लिहलंय का?" आबांनी मधेच विचारलं.

लिहिलं होतं. कुलूप पितळी होतं आणि फोडलेलं नव्हतं. किल्ली एकच होती आणि ती कुणाजवळ असायची तेही लिहिलं होतं. पंचांनी उलटतपासात कबूल केलं होतं, की त्यांनी कोऱ्या कागदावर सह्या केल्या. तिघांच्याही घरातून एक पोतंसुद्धा मिळालेलं नव्हतं. शेवटच्या पानावर साहेबांनी लिहिलं होतं, की या आरोपींविरुद्ध कोणताही पुरावा कोर्टासमोर आलेला नाही, आणि त्यांना या प्रकरणात का गोवलं गेलं हे समजून येत नाही. संशयाचा फायदा हे शब्द मी शोधले. पाचही पानांत परत परत शोधले. कुठंही नव्हते.

"हे तर मी पहिल्या दिवसापून सांगून राह्यलो होतो," आबा म्हणाले. मग टोपी झटकून, "त्या अर्जात कारण काय लिहलं तू?"

"झेंडावंदन."

"झेंड्याला कागद लागत न्हाई, माय. दोरी लागते. खरं लिहायचं होतं."

मी पानं जुळवून त्यांची घडी घालू लागले.

"तुला पाह्यचं होतं. मला काय ठाऊक न्हाई का? तिसरीत होती तवापून माझ्या हाताकडं पाहून राह्यली तू. जेवताना घास अडकायचा माझा."

मला नाही म्हणता आलं असतं. शिक्षिकेला पटकन खोटं बोलता येतं, तपासणीला येणाऱ्या साहेबांपुढं बोलतोच की आम्ही. पण मी नाही म्हटलं नाही. म्हटलं, "हो, आबा." आणि भर कोर्टाच्या आवारात, वकिलांची ये-जा चालू असताना, पदर तोंडाला लावून रडले.

आबांनी रडू दिलं. नंतर विचारलं, "मंग, पाह्यलं का आता?"

"पाहिलं."

"बराबर. चल, चहा घेऊ. आणि ऐक, हा कागद साळंत न्यायचा न्हाई."

माझं रडणं जागच्या जागी थांबलं. चार रजा, एवढी धावपळ, आणि न्यायचा नाही? चहाच्या टपरीवर भांडले, दोन दिवसांनी गावाकडं जाताना एसटीत सगळा रस्ता भांडले. आबा खिडकीबाहेर कपाशीची वाळकी रानं बघत होते आणि एकच बोलत होते.

"तू लेक हायेस. तू पाह्यलं, ठीक. त्यांना पाह्यचं तर त्यांनी जालन्याला जावं. मी सहा वर्षं कोर्टात गेल्तो. त्यांनी एक दिवस जावं. अर्ज करावा. कारण लिहावं."

आपल्या हट्टाचं मूळ कुठं आहे ते मला त्या दिवशी कळलं.

पंचवीस तारखेला चौथीच्या वर्गात परत सगळे बसले. आबा पोरांच्या बाकावर, गुडघे छातीशी आलेले. नक्कल माझ्या पर्समध्ये होती आणि तिच्यावर माझा हात होता.

"आणली का बाई?" वर्गमित्रानं विचारलं.

मी उठले आणि खडू घेतला. फळ्यावर माझं अक्षर चांगलं येतं. वर कोर्टाचं नाव लिहिलं. खाली केसचा नंबर, साल, निकालाची तारीख. त्याखाली लिहिलं, नक्कल विभाग, जालना. अर्ज, कोर्ट फीचं तिकीट, तिऱ्हाईत असल्यास शपथपत्र. आणि सगळ्यात खाली 'कारण' असं लिहून त्याच्यापुढं एक मोठी चौकट काढली. रिकामी.

"हा निकाल खुला आहे," मी म्हटलं. "ज्या दिवशी लागला त्या दिवसापासून खुला आहे. मागेल त्याला मिळतो. तीस-पस्तीस वर्षांत तुमच्यापैकी एकानंही मागितला नाही. इथं पारावर बसून निकाल मात्र रोज दिलात. आता केस नंबर मी शोधून आणला आहे, तुमचं निम्मं काम झालं. अर्जसुद्धा मीच लिहून देते. फक्त कारण सांगा. काय लिहू इथं?"

मी वर्गमित्रापुढं खडू धरला. त्यानं तो घेतला नाही.

"अहो बाई, नक्कल तुमच्याजवळ असंलच की. दाखवली तर विषय इथंच मिटतो."

"तुझ्या बेरजा अडायच्या तेव्हा मी पाटी पुढं करायचे," मी म्हटलं. "आता नाही करणार."

मागून कुणीतरी हसलं. हेडमास्तर इतका वेळ खाली मान घालून होते. त्यांनी सभेची वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि हळूच म्हणाले, "हरकत वहीत घ्यायची तर कारणासह लेखी घ्यावी लागेल. देताय का?"

वर्गमित्र फळ्यावरच्या चौकटीकडं बघत राहिला. त्याचा चेहरा मला ओळखीचा वाटला. त्या रकान्यात खरं काय लिहायचं ते ठाऊक असून लिहिता न येणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो, आणि दोनच दिवसांपूर्वी कोर्टातल्या बाकावर माझाही तसाच झाला असणार. पण म्हणून मी त्याला माफ वगैरे केलं नाही. खडू त्याच्यासमोर टेबलावर ठेवला आणि आबांना घेऊन घरी आले. हरकत वहीत गेली नाही.

नक्कल आता पेटीत आहे, जामिनाच्या कागदाशेजारी, दोन पिशव्यांत. गावात ती अजून कुणीही पाहिलेली नाही. फळ्यावरचं तेवढं कितीतरी दिवस कुणी पुसलं नाही, आणि चौकट शेवटपर्यंत रिकामीच होती.

सव्वीस तारखेला सकाळी थंडी होती. पोरं रांगेत, गाव रांगेत. आबा पांढऱ्या शर्टात, कॉलर ताठ. हेडमास्तरांनी दोरी त्यांच्या हाती दिली. गाठ जरा आवळली गेली होती. कुणीतरी मदतीला पुढं झालं, आबांनी मानेनंच नको म्हटलं, एक झटका दिला आणि झेंडा सुटला, फुलं त्यांच्या टोपीवर पडली. राष्ट्रगीत झालं. आता आबा बाजूला होतील असं सगळ्यांना वाटलं. ते हलले नाहीत. खांबाजवळ उभे राहून त्यांनी समोरच्या रांगेकडं पाहायला सुरुवात केली, एका टोकापासून, एकेका तोंडाकडं, सावकाश. कुणी खाली पाहिलं, कुणी पोराची टोपी नीट करू लागलं. माझा वर्गमित्र बुटाच्या नाडीकडं वाकला.

रांगेत मीही होते. माझ्यावर नजर आली तेव्हा मी त्यांच्या हातांकडं पाहिलं नाही. तोंडाकडं पाहिलं.